अभ्यास दुप्पट, गुण तेवढेच: विद्यार्थ्याच्या मेंदूचं गणित सरळ का नसतं

ऑक्टोबर २०२४ मध्ये संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने प्रौढ फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात सुमारे १ लाख ४० हजार चेतापेशी आहेत आणि त्यांच्यामधल्या पाच कोटींहून जास्त जोडण्यांची नोंद आहे. अशी बातमी वाचली की वाटतं, आता माणसाच्या मेंदूचा नकाशा झाला की संपलंच. मूल गणितात का अडतं, पाठ केलेल्या सनावळ्या ऐनवेळी का विसरतं, हे त्यावर बोट ठेवून दाखवता येईल.

असाच एक नकाशा १९८६ सालीच झाला होता, एका सूक्ष्म गोलकृमीच्या चेतासंस्थेचा. त्या कृमीच्या अंगात चेतापेशी आहेत फक्त ३०२. इतकी वर्षं हा नकाशा हाताशी आहे, तरी तो कृमी पुढच्या क्षणी कुठे वळेल हे नुसत्या नकाशावरून सांगता येत नाही. कोणती पेशी कोणाला जोडलेली आहे हे कळलं, म्हणजे या घडीला त्या जोडण्यांमधून काय चाललंय हे कळत नाही.

माणसाच्या मेंदूत चेतापेशी सुमारे ८,६०० कोटी आहेत, आणि एकेकीला हजारो जोडण्या. असे तीस-चाळीस मेंदू एका वर्गात बसलेले असतात. त्यांच्याबद्दल बोलताना मात्र आपली भाषा फार सोपी असते. "रोज दोन तास जास्त बस, गुण वाढतील." "याचं डोकं गणितात चालतच नाही." "परवा येत होतं ना, मग आज काय झालं?" या तिन्ही वाक्यांमागे एकच समजूत आहे: मेंदू हे यंत्र आहे, जेवढं आत घालाल त्या प्रमाणात बाहेर येतं, आणि काही बिघडलं तर दोष कुठल्या तरी एका भागात असतो. ही समजूत चुकीची आहे, आणि त्या चुकीची किंमत मुलं मोजतात.

कोंडी कोणी केली?

२००८ साली जपानमधल्या संशोधकांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. २३० मीटर परिघाच्या गोल रस्त्यावर २२ मोटारी. सगळ्या चालकांना सांगितलं होतं, साधारण ताशी ३० किलोमीटरचा वेग ठेवा आणि पुढच्या गाडीपासून सुरक्षित अंतर राखा. सिग्नल नाही, अरुंद पूल नाही, अपघात नाही. सुरुवातीला गाड्या मजेत फिरत होत्या. थोड्याच वेळात कुणाचा वेग किंचित कमी झाला, मागच्याने थोडा जास्त ब्रेक दाबला, त्याच्या मागच्याने आणखी जास्त. बघता बघता कोंडी तयार झाली, आणि गाड्या पुढे जात असताना ती कोंडी मागे मागे सरकत राहिली.

आता ही कोंडी कोणी केली? कुठलीही एक गाडी गॅरेजमध्ये नेऊन उघडली तरी तिच्यात कोंडी सापडणार नाही. कोंडी राहते गाड्यांच्या आपसातल्या वागण्यात. शिवाय तिचं प्रमाणही सरळ नसतं. रस्ता मोकळा असताना चार गाड्या वाढल्या तर काहीच फरक पडत नाही, पण एक मर्यादा ओलांडली की दोन गाड्यांनीही सगळं ठप्प होतं.

ज्या व्यवस्थेत असंख्य घटक एकमेकांना प्रतिसाद देतात आणि त्या देवघेवीतून असं काही निर्माण होतं, जे कुठल्याही एका घटकात नसतं, तिला व्यामिश्र व्यवस्था म्हणतात. हजारो सुटे भाग असलेलं विमानाचं इंजिन किचकट असतं, पण या अर्थाने व्यामिश्र नसतं. खोललं, एकेक भाग तपासला, पुन्हा जोडलं की ते पूर्वीसारखं चालतं. गणितज्ञ वॉरन वीव्हर यांनी १९४८ सालीच लिहून ठेवलं होतं, की विज्ञानाने दोन-तीन घटकांचे प्रश्न सोडवले आहेत, कोट्यवधी घटकांची सरासरी काढायलाही ते शिकलं आहे, पण मधला प्रदेश, जिथे घटक पुष्कळ आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत, तो अजून बाकी आहे. विद्यार्थ्याचा मेंदू याच मधल्या प्रदेशात राहतो.

त्यातही मेंदू वाहतुकीच्या एक पाऊल पुढे आहे. गाड्या गेल्याने रस्ता बदलत नाही. मेंदूत मात्र जशी वाहतूक होईल तसा रस्ताच बदलत जातो.

शिकताना आत नेमकं काय बदलतं?

दोन चेतापेशी जिथे एकमेकींना संदेश देतात त्या जागेला चेतासंधी म्हणतात. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनल्ड हेब यांनी १९४९ मध्ये अंदाज मांडला, की एक पेशी दुसरीला वारंवार चेतवत राहिली तर त्यांच्यातला दुवा बळकट होत असणार. १९७३ मध्ये टिमोथी ब्लिस आणि टेर्ये लोमो यांनी सशाच्या मेंदूत हे प्रत्यक्ष दाखवलं: जलद विद्युत स्पंदनांच्या काही मालिका दिल्यावर चेतासंधींचा प्रतिसाद वाढला आणि तासन् तास वाढलेलाच राहिला. शिकणं या शब्दामागे शरीरात जे घडतं त्याचा हा मोठा भाग आहे. दुवे घट्ट होतात, सैल होतात, काही नवे तयार होतात आणि न वापरलेले काही गळून पडतात.

पण म्हणून "पायथागोरसचा सिद्धांत" नावाची एक पेशी कुठे बसलेली नसते. एक आठवण म्हणजे विखुरलेल्या असंख्य दुव्यांचा एकत्रित आकार, आणि आठवणींचे प्रकारही वेगवेगळे. हेन्री मोलेसन या रुग्णामुळे हे फार स्पष्ट झालं. अपस्मारावर, म्हणजे फिट येण्याच्या आजारावर, उपाय म्हणून १९५३ मध्ये त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या आतल्या भागाचा काही हिस्सा काढण्यात आला. त्यात हिप्पोकॅम्पस हा नव्या आठवणी घडवणारा भागही बराचसा गेला. त्यानंतर त्यांना नवीन घटना लक्षात राहीनात. तरीही आरशात बघून चांदणीची आकृती गिरवण्याचं काम त्यांना दिलं, तेव्हा त्यांचा हात दिवसागणिक सुधारत गेला. काल हेच केलं होतं याची आठवण मात्र शून्य. माहीत असणं आणि जमणं या मेंदूच्या लेखी वेगळ्या गोष्टी आहेत. सूत्र घडाघडा म्हणणारं मूल उदाहरणात अडतं तेव्हा ते आळशी असतंच असं नाही.

दुसरी अडचण दाराची, म्हणजे नवं काही ज्या वाटेने आत शिरतं त्या वाटेची. विचार करताना आपण जे डोक्यात धरून ठेवतो त्याला कार्यस्मृती म्हणतात, आणि ती विलक्षण तोकडी असते. १९५६ मध्ये जॉर्ज मिलर यांनी तिचा अंदाज सातच्या आसपास बांधला होता. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी तो चारच्या आसपास आणला. चारच गोष्टी! मग आठ-दहा पायऱ्यांचं गणित कोणी सोडवूच कसं शकतं?

उत्तर मिळालं बुद्धिबळाच्या पटावर. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी खेळाडूंना पट फक्त पाच सेकंद दाखवून मोहरे आठवणीने मांडायला सांगितले. पट खऱ्या डावातला असेल तर निष्णात खेळाडू नवशिक्याच्या कितीतरी पट जास्त मोहरे अचूक मांडत. तेच मोहरे कसेही विखुरले, की निष्णाताची आघाडी जवळपास नाहीशी होई. त्याची स्मरणशक्ती अफाट नव्हती. त्याला मोहरे सुटे दिसतच नव्हते, ओळखीच्या रचना दिसत होत्या, आणि एक रचना कार्यस्मृतीत एकच जागा अडवते.

म्हणून आधीचं ज्ञान हा शिकण्यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात दुर्लक्षित घटक आहे, असं माझं मत आहे. १९८८ मध्ये अमेरिकेत डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची समजली जाणारी, पण बेसबॉल कळणारी मुलं पुढे गेली. वाचनात चांगली, पण बेसबॉल न कळणारी मागे पडली. मग 'वाचनकौशल्य' नावाची वस्तू मुलाच्या आत ठरावीक मापाने भरलेली असते, असं कसं म्हणायचं? ती मूल आणि मजकूर यांच्यामध्ये तयार होते. एकाच बाकावरच्या दोन मुलांनी एकच तास ऐकला, तरी त्यांच्या आत आधीपासून विणलेलं जाळं वेगळं असल्याने प्रत्यक्षात त्यांनी दोन वेगळे तास ऐकलेले असतात.

येत होतं ते बिघडलं कसं?

लहान मूल बोलायला लागतं तेव्हा मोठ्यांचं ऐकून "मी केलं" असं बरोबर म्हणतं. काही महिन्यांनी तेच मूल "मी करलं" म्हणू लागतं. घरचे हसतात, दुरुस्त करतात. पण इथे मूल पुढे गेलेलं असतं. आधी त्याने ऐकलेला शब्द जसाच्या तसा उचलला होता. आता त्याला 'बसलं', 'उठलं', 'धरलं' यातला नियम सापडलाय आणि तो ते सगळीकडे लावून बघतंय. अपवाद आणि नियम दोन्ही जागच्या जागी बसले की "केलं" परत येतं, आणि या वेळी ते समजून आलेलं असतं. मधल्या काळात कोणी परीक्षा घेतली असती तर गुण घसरलेले दिसले असते.

शाळेच्या विषयांतही हेच होतं. दशांश अपूर्णांक नव्याने शिकलेलं मूल ०.४५ हे ०.६ पेक्षा मोठं म्हणतं, कारण पूर्ण संख्यांचा नियम ते इथेही लावतं. रॉबर्ट सिगलर यांनी मुलांना एकच प्रकारची गणितं पुन्हा पुन्हा देऊन बारकाईने निरीक्षण केलं, तेव्हा दिसलं की मूल एका रीतीवरून दुसऱ्या रीतीवर पायरी चढावी तसं चढत नाही. तीन-चार रीती एकाच वेळी नांदत असतात. कधी बोटं मोजतं, कधी आठवणीतून उत्तर काढतं, कधी ओळखीच्या बेरजेवरून पुढे जातं. नवी रीत सापडल्यावरही जुनी कितीतरी दिवस डोकावत राहते.

जुनं परत का डोकावतं, हे तुम्हाला आत्ता करून पाहता येईल. दोन्ही हातांची अंगठ्याशेजारची बोटं समोर रोखा. दोन्ही एकदम उजवीकडे, मग दोन्ही एकदम डावीकडे, अशी हलवत राहा. आता वेग वाढवत न्या. एका टप्प्यावर बोटं आपणहून चाल बदलतील: एकमेकांकडे येतील आणि एकमेकांपासून दूर जातील. तुम्ही तसं ठरवलेलं नव्हतं. स्कॉट केल्सो यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हा प्रयोग केला, आणि १९८५ मध्ये हर्मान हाकेन यांच्याबरोबर त्याचं गणित मांडलं. त्यातली खरी गंमत पुढे आहे. वेग पुन्हा कमी केला तरी पहिली चाल आपोआप परत येत नाही.

बोटांवरून थेट बीजगणितावर उडी मारणं धोक्याचं आहे, हे मान्य. पण व्यामिश्र व्यवस्थांची दोन लक्षणं इथे उघड दिसतात. बदल हळूहळू न होता झटक्यात होऊ शकतो, आणि परतीचा रस्ता जाण्याच्या रस्त्यासारखा नसतो. घाई झाली, दडपण आलं, की विद्यार्थी नव्याने शिकलेली रीत सोडून जुन्या, मुरलेल्या रीतीवर जातो. आणि "आता शांतपणे कर" एवढं म्हटल्याने नवी रीत लगेच परत येईल असं नाही.

दोष शोधतो तिथे नसतोच

एस्थर थेलन यांचं संशोधन शिक्षणाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं असं मला वाटतं, जरी ते तान्ह्या बाळांबद्दल असलं तरी. नवजात बाळाला उभं धरलं तर ते पावलं टाकल्यासारखे पाय हलवतं. साधारण दोन महिन्यांत ही हालचाल नाहीशी होते. वर्षानुवर्षं स्पष्टीकरण दिलं जायचं, की मेंदूचा वरचा भाग पक्व होत जातो आणि तो ही आदिम हालचाल दाबून टाकतो. थेलन आणि सहकाऱ्यांनी बाळांना पाय बुडतील असं पाण्यात धरलं. पावलं वाढली! उलट, पायांना छोटी वजनं बांधली तेव्हा ती कमी झाली. पहिल्या महिन्यांत बाळाच्या पायांवर चरबी भराभर चढते, स्नायूंचं बळ त्या मानाने मागे राहतं. मेंदूत जे कारण शोधलं जात होतं, ते पायाच्या वजनात होतं.

"हा गणितात कच्चा आहे" हे वाक्य आता पुन्हा वाचा. शाब्दिक उदाहरणात अडणाऱ्या मुलाची अडचण भाषेची असू शकते. भागाकार चुकणाऱ्याची अडचण पाढ्यांत असू शकते, कारण 'सात आठे किती' हे शोधण्यातच कार्यस्मृती संपते आणि भागाकाराची पायरी निसटते. फळ्यावरचं चुकीचं उतरवणाऱ्याला कदाचित चष्मा हवा असेल. एकच लक्षण, त्याखाली वेगवेगळी कारणं, आणि अनेकदा कारणांची जोडगोळी. एकेकटं कारण निभावून नेता येतं. दोन एकत्र आली की कोंडी.

झोप, भीती आणि फिरून अंगावर येणारे परिणाम

परिणाम उलटा फिरून कारणालाच बळ देतो, हेही अशा व्यवस्थांचं ठळक वैशिष्ट्य. भीतीचं उदाहरण घ्या. "आपल्याला जमणार नाही" हा विचार डोक्यात फिरत असतो तेव्हा तो कार्यस्मृतीतली जागा अडवतो. जागा कमी, म्हणून चूक. चूक झाली म्हणून भीती जास्त. सायन बायलॉक आणि थॉमस कार यांनी २००५ मध्ये दाखवलं, की अवघड गणितांत दडपणाचा फटका बसला तो ज्यांची कार्यस्मृती मोठी होती त्यांनाच. त्यांच्या रीती त्या जागेवर अवलंबून होत्या आणि नेमकी तीच हिरावली गेली. "इतकी हुशार मुलगी, पेपरात काय झालं कोण जाणे" याचा खुलासा काही वेळा इतका साधा असतो.

झोपेचं चक्र याहून वाईट, कारण ते आपणच फिरवतो. १९९४ मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांना आढळलं, की उंदीर जागेपणी ज्या वाटेने फिरले होते, त्या वेळी ज्या पेशी जोडीने चेतल्या होत्या, त्याच झोपेतही पुन्हा जोडीने चेतत होत्या. दिवसभराचं शिकलेलं पक्कं होण्यात झोपेचा वाटा आहे याचे पुरावे त्यानंतर माणसांतही भरपूर जमले. १३ ते १८ वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. पौगंडावस्थेत शरीराचं घड्याळही उशिराकडे सरकतं, त्यामुळे रात्री लवकर झोप न येणं हा निव्वळ हट्ट नसतो. आता रात्री दोन तास जास्त बसवलं, की झोप दोन तासांनी कमी. दुसऱ्या दिवशी वर्गात लक्ष नाही, म्हणून घरी आणखी वेळ हवा, म्हणून झोप आणखी कमी. अभ्यासाचे तास वाढतात, शिकणं घटतं, आणि वहीत मात्र मेहनत दिसते.

"म्हणजे सगळंच अनिश्चित? मग शिकवायचं तरी कशाला?"

हा आक्षेप येणारच, आणि तो रास्त आहे. 'व्यामिश्र' हा शब्द काही जण हात झटकायला वापरतात. पण व्यामिश्र म्हणजे बेभरवशाचं नव्हे. काही नमुने पुन्हा पुन्हा दिसतात. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांतून विसरण्याची जी वक्ररेषा काढली, सुरुवातीला झपाट्याने घसरण आणि मग संथ, ती २०१५ मध्ये पुन्हा केलेल्या प्रयोगातही जवळपास तशीच मिळाली.

त्याहून उपयोगी २००६ चा हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांचा प्रयोग. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रं फक्त वाचला. दुसऱ्याने एक सत्र वाचला आणि पुढची तीन सत्रं न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने चित्र पालटलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. आणि आपल्या लक्षात राहील याची जास्त खात्री कोणाला वाटत होती? नुसतं वाचणाऱ्यांना. आठवण्याचा प्रयत्न त्याच दुव्यांवरून पुन्हा वाहतूक नेतो. वाचताना मजकूर समोर असल्याने ती गरजच पडत नाही.

इथे एक खाच मात्र ध्यानात ठेवायला हवी. गटाचा नमुना म्हणजे व्यक्तीचा नियम नव्हे. टायपिंगचं उदाहरण संशोधक नेहमी देतात. शंभर लोकांत पाहिलं तर जे वेगाने टाइप करतात त्यांच्या चुका कमी असतात, कारण ते सरावलेले असतात. यावरून एखाद्याला "वेग वाढव, चुका कमी होतील" असं सांगितलं तर त्याच्या चुका वाढतील. 'पहिले येणारे इतके तास अभ्यास करतात' छापाचे सल्ले याच खड्ड्यात पडतात.

"पण डावा मेंदू, उजवा मेंदू वगैरे शास्त्रीयच आहे ना?"

मेंदूचे दोन अर्धगोल काही कामं वेगळी करतात हे खरं. रॉजर स्पेरी यांना त्यावरच्या संशोधनासाठी १९८१ चं नोबेल मिळालं. त्यावरून मुलांची 'डाव्या मेंदूची' आणि 'उजव्या मेंदूची' अशी वाटणी करायला आधार नाही. बघून शिकणारे, ऐकून शिकणारे, करून शिकणारे या शैलींचंही तेच. २००८ मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासलं. शैलीनुसार शिकवल्याने शिकणं सुधारतं याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. नकाशा बघूनच शिकावा लागतो आणि उच्चार ऐकूनच, मग शिकणारा कोणीही असो. बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल सांगणाऱ्या चाचण्यांवर तर शब्दही खर्च करायला नको.

"हुशारी जन्मतःच ठरलेली नसते का?"

जनुकांचा वाटा आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण ती सुरुवात ठरवतात, पुढचा प्रवास जगण्याशी होणाऱ्या देवघेवीतून घडतो. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी शहरातले सुमारे २५ हजार रस्ते पाठ करावे लागतात. कॅथरिन वुलेट आणि एलिनॉर मग्वायर यांनी ७९ उमेदवारांच्या मेंदूची चित्रं प्रशिक्षणाआधी आणि काही वर्षांनी घेतली. ३९ जण उत्तीर्ण झाले. सुरुवातीला सगळ्यांचा हिप्पोकॅम्पस सारखाच होता. शेवटी उत्तीर्णांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग वाढलेला दिसला. त्याच वेळी एका वेगळ्या दृश्यस्मृतीच्या चाचणीत ते इतरांपेक्षा मागेही पडले. मेंदू बदलतो, आणि त्याचा हिशेब चुकता करूनच बदलतो.

घरी आणि वर्गात यातून काय करता येईल?

पहिली गोष्ट, एका परीक्षेवरून निदान करू नये. ज्या व्यवस्थेत चढउतार हा स्वभाव आहे, तिथे एकच मोजणी फारसं सांगत नाही. छोट्या, गुण न देता घेतलेल्या चाचण्या वारंवार घ्याव्यात. आठवण्याचा सराव त्यातच होतो आणि भीतीही वाढत नाही. चूक दिसली की उत्तर दुरुस्त करण्याआधी "हे कसं काढलंस?" असं विचारावं. मुलाचं बोलणं ऐकताना कोणती रीत चाललीय आणि कुठला जुना नियम नव्या जागी लागलाय, ते कळतं. एकाच मुलाची उत्तरं अचानक वेगवेगळ्या रीतींनी येऊ लागली तर घाबरू नये. नवी रीत सापडण्याच्या आधी असा गोंधळ अनेकदा दिसतो.

बदल करायचा तर एका वेळी एक, आणि त्याला दोन-तीन आठवडे द्यावेत. शिकवणी, नवं वेळापत्रक, मोबाइलबंदी आणि पहाटेचा अभ्यास सगळं एकाच सोमवारी सुरू केलं, तर कशाने काय झालं हे कोणालाच कळणार नाही. कुठून सुरुवात करावी असं विचारलंत तर मी झोप म्हणेन. ती फुकट आहे आणि तिचा परिणाम लक्ष, स्मृती, मनःस्थिती अशा अनेक ठिकाणी एकदम पोचतो. त्यानंतर पाया: ज्या धड्यावर मूल अडलंय त्याच्या मागचे दोन धडे तपासावेत.

"एवढं कशाला, मेंदूचं स्कॅन करून बघता येणार नाही?"

स्कॅनमध्ये जे रंगीत ठिपके दिसतात त्यांतल्या एकेका बिंदूत लाखो चेतापेशी असतात. शिवाय तिथे मोजला जातो रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल, जो पेशींच्या प्रत्यक्ष कामाच्या काही सेकंद मागे असतो. पेशींचे संदेश तर सेकंदाच्या हजाराव्या भागात येतात-जातात. २०२२ मध्ये स्कॉट मारेक आणि सहकाऱ्यांनी सुमारे ५० हजार लोकांची माहिती तपासून दाखवलं, की मेंदूची रचना आणि एखादी क्षमता यांचा विश्वासार्ह संबंध सांगायचा तर हजारो माणसांचं स्कॅन लागतं. तोही निघतो गटाबद्दल. एका मुलाचं एक चित्र काढून "याला भूमिती जमेल का?" याचं उत्तर त्यातून मिळत नाही. ते हवं असेल तर भूमितीचं एक उदाहरण त्याच्यापुढे ठेवावं, ते सोडवताना शेजारी बसावं, आणि आठवड्याने तशाच दुसऱ्या उदाहरणाचं काय होतं ते पाहावं.